पुरणावरचे बोट

३ ऑगस्ट १९५७, शनिवार

आज घरात आलेले सामान व त्याची किंमत:

जुना लाकडी कॅमेरा, पुढेमागे ताणायच्या भात्याचा, पितळी भिंगासकट: ५५ रुपये. त्याची तीन पायांची घोडी त्यातच.
काचेच्या प्लेटा, एक डझन: ८ रुपये ३७ नवे पैसे.
फोटो धुवायला हायपो आणि दोन पुड्या औषध: ३ रुपये.
लाल काचेचा कंदील: दीड रुपया.
काळे कापड: २ रुपये.

एकूण सत्तर रुपयांना तेरा नवे पैसे कमी. आणि यातली एकही वस्तू खाता येत नाही, नेसता येत नाही, देवापुढे ठेवता येत नाही.

स्टेशनाजवळचा फोटोवाला दुकान मोडून नागपूरला चालला म्हणे, म्हणून आमच्या भाऊजींना दया आली. गुलाब भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, शाळेत ड्रॉइंग मास्तर. पगार पंचाहत्तर. या महिन्यात घरात दिले पाच. यांना सांगितले तर कापसाच्या जिनातून दमून आलेले, तोंडावर पाणी मारत म्हणाले, "त्याचा पगार, त्यानं घेतला." बस. या घरात पैशाची काळजी करायला मी एकटी.

किल्ल्या माझ्या कमरेला आहेत त्या उगाच नाहीत. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा कोठीला कुलूपच नव्हते. ज्याला वाटेल तो हात घाली. मॅट्रिक झालेली सून आली म्हणून सासूबाईंनी किल्ल्या दिल्या. तेव्हापासून पीठ माझ्या पितळी मापाने निघते.

६ ऑगस्ट

संतापात लिहिते आहे म्हणून अक्षर वाईट.

अंगणात पाटावर उन्हात मूठभर तूरडाळ पसरलेली, आणि भाऊजी काळ्या कापडात डोके घालून. भिंग लाकडाच्या फळीतून काढून उलटे बसवलेले, मागची बाजू पुढे. पुठ्ठ्याची नळी करून लाखेने चिकटवले. लाख माझी, पार्सलावर लावायची ठेवली होती ती.

"भाऊजी, हे काय चालवलंय?"

"वहिनी, हे भिंग मोठ्या माणसाले लहान करून काचेवर आणते. उलटं बसवलं का लहानाले मोठं करते. भाता पुरा ताणला का डाळीचा दाणा सुपारीएवढा."

"मग तुमचा पगार ठेवा त्याच्यासमोर."

सासूबाई ओसरीवर माळ ओढत होत्या, त्या खुदकन हसल्या. त्यांना हसू येते. कावळा येऊन डाळ विसकटून गेला, ती मला वेचावी लागली.

११ ऑगस्ट, रविवार

आज कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेत मी पाहिले. पाहायचे नव्हते. भाऊजी म्हणाले, "साखर आहे, एकच दाणा, पाहून त घ्या." काचेवर सगळे उलटे दिसते, आकाश खाली आणि पाट वर. पण दाणा असा उभा होता, जसे देवळातले स्फटिकाचे शिवलिंग. मी काही बोलले नाही. बोलले असते तर आणखी एक डझन प्लेटा आल्या असत्या.

मग त्यांनी माझे पीठ ठेवले. तीनदा चाळलेले. त्यात एक किडा चालत होता, पाय हलवत. मी सगळा डबा पुन्हा चाळला. दुपार गेली. आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही ते देवाने दिसू नये म्हणूनच लहान केले असेल ना?

आज आणखी एक काम केले. जाऊबाईंच्या भावाला, पुनाजींना, केळझरला पत्र टाकले. जाऊबाई म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे जेठ, वारले त्यांच्या बायको, जिजाबाई. जेठांना जाऊन पाच वर्षे झाली. मूलबाळ नाही. विधवेने एक वेळ जेवावे ही आमच्याकडची रीत, ती मी मोडली नाही. पण एक वेळ जेवणारे माणूसही बारा महिने घरात असतेच. भावाने न्यावे. यांना विचारले, हे 'बरं' म्हणाले. सासूबाई मात्र माळेचा एक मणी बराच वेळ बोटांत धरून बसल्या.

१९ ऑगस्ट

पुनाजींचे पत्र आले. पितृपक्षात नेता येत नाही, सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून येतो. पुढे लिहितात, "तेव्हा कापूस वेचाईलाही हात लागतोच." म्हणजे २४ सप्टेंबर. जाऊबाईंना वाचून दाखवले. "बरं" म्हणाल्या आणि भोपळा चिरायला बसल्या.

थोड्या वेळाने पाहते तो विळीवर रक्त. उजव्या हाताचे पहिले बोट, पेरावर तिरपे, खोल. मी हळद दाबली, चिंधी बांधली. लक्ष कुठे असते यांचे? अर्धा भोपळा टाकावा लागला.

३ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या बसल्या. आज पूजन. पहाटेपासून पाठ टेकलेली नाही, पण आज लिहायचेच.

सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरण. सगळे माझ्या हातचे, सोवळ्यात. जाऊबाईंनी काल दळण केले, भाज्या निवडल्या, भांडी घासली. आज त्या मागच्या पडवीत. सुवासिनींचा सण, त्यांचे काम नाही.

भाऊजी घोडी घेऊन हजर. "वहिनी, नैवेद्याची मूद काढू का फोटोत? भिंग कुठं खाते का?"

"देवीच्या आधी तुमच्या भिंगाने पाहायचे? वास घेतला तरी नैवेद्य बाटतो. पलीकडे व्हा."

"पडद्याआड ठेवल्यावर देवी आली, सकाळी बोट उमटलं, मग त काढता येईन?"

मी हो म्हटले. का म्हटले सांगते. आमच्या घरात पुरणाच्या मुदीवर महालक्ष्मीचे बोट उमटते. रात्री पडद्याआड ताट ठेवायचे, कोणी फिरकायचे नाही, सकाळी पडदा सारायचा. सगळीकडे ठेवतात, पण उमटते आमच्याकडे. आणि ते केव्हापासून? ज्या वर्षी किल्ल्या माझ्याकडे आल्या त्या वर्षापासून. आळीतल्या बायका म्हणतात, कांताबाईच्या सोवळ्याचं फळ. मी तसे कधी तोंडाने म्हटले नाही. पण त्याचा फोटो असावा असे मनात आले. देवी, माफ कर.

सासूबाईंशी मात्र वाद झालाच, दर वर्षी होतो. मोतीबिंदूने दिसत नाही तरी मूद हाताने चाचपतात. "मोठी कर वं. हात आखडू नको. देवीले का लहान पोट आहे?" मी आणखी पुरण घातले. "ताट तिकडं ठेव, सैपाकघराच्या अंगानं." तिकडे का ते विचारले तर म्हणे, देवी मागच्या दाराने येते. असे कुठल्या पोथीत लिहिले आहे?

४ सप्टेंबर

उमटले! या वर्षी कधी नव्हे इतके खोल. लीलाबाई शेजारच्या आल्या, त्यांची सून आली, आळीतल्या दहाबारा बायका आल्या. सगळ्या पाया पडल्या. मी पडले तेव्हा डोळ्यांत पाणी आले.

ताट उन्हात नेले. भाऊजींनी भाता ताणला, भिंग उलटेच होते. चाळीस आकडे मोजेपर्यंत कोणी श्वास घेऊ नका म्हणाले. लीलाबाईंनी खरेच घेतला नाही, लाल झाल्या. मग आम्ही ती मूद प्रसाद म्हणून वाटली. जाऊबाईंना पडवीत बोराएवढा दिला. त्यांनी कपाळाला लावून खाल्ला.

५ सप्टेंबर

कोठीच्या खोलीला आतून घोंगडी लावून भाऊजींनी प्लेट धुतली, दुपारी उन्हात कागदावर फोटो उतरवला. ओला फोटो घेऊन नाचत बाहेर आले.

पुरणाचे कण हरभऱ्याएवढे. आणि त्यात ते बोट. बोटावरच्या बारीक रेघा पुरणात उठलेल्या, नांगरटीसारख्या.

सासूबाईंना सांगितले तशा त्या हात जोडून बसल्या. हे म्हणाले, काच लावून देवघरात टांगू. लीलाबाईंनी एक प्रत मागितली.

मी पाहत होते. रेघांवरून तिरपी एक जाड रेघ गेली होती. पेरावर. डावीकडून उजवीकडे.

"वहिनी, ही आडवी रेघ काय असन?" भाऊजी माझ्याकडेच पाहत होते.

"वेलदोड्याचं साल," मी म्हटले.

"असन," म्हणाले, आणि फोटो वाळत घातला. पण लगेच गेले नाहीत. उभे होते.

मला जेवण गेले नाही. हळद मीच दाबली होती त्या बोटावर.

६ सप्टेंबर

पाच वर्षे! पाच वर्षे मी उष्ट्या नैवेद्याच्या पाया पडले. विधवेने सोवळ्यातले ताट बाटवले आणि साऱ्या आळीने ते प्रसाद म्हणून खाल्ले. हे सकाळी जिनात गेले, सासूबाई लीलाबाईंकडे, तशी मी फोटो घेऊन मागच्या अंगणात गेले. जाऊबाई राखेने पातेले घासत होत्या.

"हे कोणाचं बोट आहे?"

त्यांनी पाहिले. हात राखेने भरलेला, तो पदराला पुसला आणि बोट फोटोशेजारी धरले. जसे काही बाजारात माप जुळवून पाहावे.

"माहं आहे," म्हणाल्या. "किती मोठं केलं वं त्यानं."

"लाज नाही वाटत? देवीच्या ताटात!"

"भूक लागली होती."

"भूक? वर्षाचा सण, एक दिवस..."

"एक दिवस काऊन? एक दिवस त तुम्ही सगळे पाहून राह्यले." पातेले खाली ठेवले. "दोन भाकरी देते तू मले. अकरा वाजता. मंग दुसऱ्या दिवशीचे अकरा. मधात दळण, पाणी, भांडे. पह्यल्या साली पडद्याआडून पुरणाचा वास आला, मले कळलंच नाई मी कधी उठली. एक बोट घेतलं. मंग दोन घेतले असते, पण भ्याले. म्हटलं, सकाळी आता मार बसते. सकाळी पाह्यते त तुम्ही साऱ्या त्या खड्ड्याच्या पाया पडून राह्यल्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात!"

"बोलाचं काय होतं? तू म्हणत होती, माह्या सोवळ्यामुळं देवी आली. तुह्या तोंडावर असा आनंद होता. म्हटलं, राहू द्या."

मी म्हटले, "पाच वर्षं मला तुमच्या पाया पडायला लावलंत."

तेव्हा त्या हसल्या. "माह्या पाया कोन पडते वं? माह्या हाताकडे या घरात कोनी पाह्यलं तरी का?"

मी ताडकन घरात आले. आजच सगळ्यांना सांगते, म्हटले. आज रात्रीच यांना सांगते. २४ तारखेची वाट कशाला, उद्याच केळझरची गाडी पाहावी.

७ सप्टेंबर

सांगितले नाही. यांचे डोके दुखत होते.

९ सप्टेंबर, सोमवार

मला अजून राग आहे. देवीच्या घरात चोरी ती चोरी. भूक लागली तर मागायचे होते. मी काय नाही म्हटले असते?

हे वाक्य लिहून थांबले. पाच वर्षांत त्यांनी एकदाच मागितले होते, पहिल्या थंडीत, शिळी भाकरी. मी म्हटले होते, "रीत आहे, जाऊबाई, माझ्या हातात काही नाही." किल्ल्या त्या वेळी माझ्या हातात होत्या.

माझे मन मला खोटे पाडत होते म्हणून आज ठरवले, पाहूच. भाऊजी डाळीवर प्रयोग करतात, मी आपल्यावर. सगळ्यांना म्हटले माझे व्रत आहे. त्याच पितळी मापाने पीठ काढले, पावशेराला थोडे कमी. दोन भाकऱ्या, एक पळी वरण. अकराला जेवले. मग नेहमीचे काम, वर जात्यावर त्यांचे अर्धे दळण.

माझे उपास असतात तेव्हा साबुदाणा असतो, शेंगदाण्याचे लाडू असतात, दूध असते, केळे असते. मी त्याला उपास म्हणत आले.

चार वाजता चिडचिड झाली, दोरीवरच्या कपड्यांवर चिडले. पाचला हात कापू लागले. दिवेलागणीला हे आणि भाऊजी जेवायला बसले, मी वाढत होते. वरणाला नुकतीच फोडणी दिलेली. पळी ठेवली आणि माझे बोट कढईच्या काठावरून फिरले आणि तोंडात गेले. मी नेले नाही. गेले.

जाऊबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिले. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते, भांडता आले असते.

एक दिवस. एकच दिवस, तोही दिवेलागणीपर्यंत. पाच वर्षांचे किती शेर होतात तो आकडा काढला. इथे लिहीत नाही.

११ सप्टेंबर

फोटो काच लावून आला. यांनी देवघरात खिळा ठोकला. बायका येतात, हळदकुंकू वाहतात. जाऊबाई झाडताना त्याच्याखालून जातात, त्याच हातात केरसुणी. कोणाच्या काही लक्षात येत नाही. मला वाटले होते ती तिरपी रेघ भाऊजींकडून पेन्सिलीने भरून घ्यावी. गरज नाही.

कालपासून मापे दोन काढते. सकाळी आणि संध्याकाळी. यांनी विचारले, "रीत?" मी म्हटले, "पोथीत माप दिलेलं नाही. मी वाचलंय, तुम्ही वाचलंय का?" आवाज फार चढला होता माझा. यांच्यावर का चढवला? यांनी पाच वर्षांत भावजयीच्या ताटात कधी पाहिले नाही म्हणून. आणि यांना दिसले नाही ते मला रोज दिसत होते, मीच मोजत होते, म्हणून जास्त.

दुपारी जाऊबाईंना विचारले, "केळझरला जायचंय का तुम्हाला? खरं सांगा."

"भावजय वाट पाहून राह्यली. पाच एकर कापूस वेचाचा आहे."

"तिथे जेवण?"

"तिथं माप नाई," म्हणाल्या. मला वाटले, बरे आहे. मग म्हणाल्या, "उरलं त भेटते."

राहते म्हणाल्या नाहीत. मीही राहा म्हटले नाही. पातेले घेतले त्यांच्या हातातून आणि दोघींनी मिळून घासले. राख डोळ्यात गेली.

संध्याकाळी हे घरी आल्यावर सासूबाईंकडे गेले. हे त्यांचे ऐकतील. खरे सांगता येत नव्हते, सांगितले असते तर जाऊबाईंना पडवीतही जागा उरली नसती. देवी, तुझे नाव घेऊन अर्धे खोटे बोलले, त्याचे जे व्हायचे ते माझे होऊ दे.

म्हटले, "आत्याबाई, जेठ गेले त्या वर्षापासून बोट उमटतंय. जाऊबाईंना केळझरला धाडलं आणि पुढच्या वर्षी नाही उमटलं तर? आळीला काय सांगायचं?"

त्यांनी माळ खाली ठेवली. न दिसणारे डोळे नीट माझ्याकडे लावले.

"नाईच उमटणार."

"म्हणजे?"

"मोतीबिंदू डोयात आहे वं माह्या, टाळक्यात नाई. किल्ल्या तुह्याजवळ आल्या, मंग मी काय करू? मूद मोठी कर म्हटलं, तेवढंच माह्या हातात होतं." मग यांना हाक मारली, "रूपराव! जिजा कुठं जाणार नाई. पत्र लिहा."

मूद मोठी करण्याचा आणि किल्ल्यांचा काय संबंध, ते मी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे. पण त्यानंतर पीठ काढले तेव्हा माप शिगोशीग भरले.

१२ सप्टेंबर

भाऊजींनी आणखी अर्धा डझन प्लेटा मागवल्या. मी भांडले, मग दिले पैसे. म्हणाले, "आता काय काढू वहिनी, भिंगासमोर काय ठेवू?" म्हटले, "माझे पितळी माप ठेवा. आतून काढा." त्यांना वाटले थट्टा करते आहे.

केळझरला पत्र टाकले. त्याची नक्कल:

श्री. पुनाजीभाऊ यांस कांताचा नमस्कार. मागील पत्रात जाऊबाईंना घेऊन जावे असे मीच लिहिले होते. ते लिहिताना माझी चूक झाली. तुम्ही २४ तारखेस गाडी जुंपू नये. त्या इथेच राहतील. कापूस वेचण्यास मजूर लावावा, वर्धेच्या बाजारात पुष्कळ मिळतात. बहिणीस भेटावेसे वाटल्यास जरूर यावे, पण हात रिकामे घेऊन परत जाण्याच्या तयारीने यावे. त्यांच्या बोटाची जखम भरली आहे, खूण राहील. त्या तुम्हाला स्वतः लिहू शकत नाहीत, म्हणून मी विचारून लिहिते: लहानपणी त्यांना काय आवडत असे? मी विचारले तर सांगत नाहीत. हे पत्र तुम्हास पोचले आणि गाडी निघणार नाही, एवढे, आणि ते आवडीचे, उलट टपाली कळवावे.